डायलवर दोन टक्के, मेंदूत किती? गॅसची भूल नव्याने शिकणाऱ्यांसाठी

भूलशास्त्राचे नवे निवासी डॉक्टर किंवा ओटी टेक्निशियनच्या कोर्सची मुलं थिएटरमध्ये आली, की पहिले काही दिवस सगळ्यांची नजर व्हेपोरायझरच्या, म्हणजे भुलीच्या द्रवाची वाफ करून गॅसमध्ये मिसळणाऱ्या डब्याच्या, डायलवर खिळलेली असते. सर म्हणतात, "सेव्हो दोनवर ठेव." डायल दोनवर जातो आणि पेशंटला दोन टक्के मिळायला लागले असं वाटतं. तसं होत नाही. डायल एवढंच सांगतो, की व्हेपोरायझरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसमध्ये दोन टक्के सेव्होफ्लुरेन आहे. तिथून पुढे सर्किट (मशीन आणि पेशंट यांना जोडणाऱ्या नळ्या), मग फुप्फुसं, मग रक्त आणि सगळ्यात शेवटी मेंदू. प्रत्येक टप्प्यावर थोडा उशीर होतो, आणि कुठे किती उशीर होतोय हे ज्याला कळलं त्याला गॅसची भूल बरीचशी कळली. पुढचं सगळं वरिष्ठ शेजारी उभे आहेत असं धरून लिहिलंय. एकट्याने डायल फिरवण्यासाठी नव्हे.

आधी बाटल्या ओळखा

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टनने ईथर देऊन शस्त्रक्रिया करता येते हे सगळ्यांसमोर दाखवलं. ईथर पेट घ्यायचं, त्याच्यानंतर आलेलं क्लोरोफॉर्म हृदयावर उठायचं. १९५६ मध्ये न पेटणारं हॅलोथेन आलं. आपल्याकडे ते इतकी वर्षं चाललं, की तुमच्या सरांच्या पिढीतले बरेच जण लाल व्हेपोरायझरवरच शिकले. लाल म्हणजे हॅलोथेन, जांभळा आयसोफ्लुरेन, पिवळा सेव्होफ्लुरेन, निळा डेसफ्लुरेन. हे रंग जगभर सारखेच आहेत.

ही चारही खोलीच्या तापमानाला द्रव असतात आणि त्यांची वाफ द्यावी लागते. नायट्रस ऑक्साइड मात्र मुळातच वायू. तो पाइपलाइनमधून किंवा निळ्या सिलिंडरमधून येतो. सेव्होला वास गोडसर आणि घसा न खवखवणारा, म्हणून मास्कवर भूल द्यायची तर सेव्होच. आयसो आणि डेस उग्र आहेत. जागेपणी हुंगायला दिले तर पेशंट खोकतो, श्वास रोखतो, घशाला आकडी येते. ते श्वासनलिकेत ट्यूब टाकून झाल्यावरचे एजंट, म्हणजे भुलीची औषधं.

मेंदूत काय होतं, थोडक्यात

१९०० सालाच्या आसपास मायर आणि ओव्हरटन या दोघांना स्वतंत्रपणे दिसलं, की जे औषध तेलात जास्त विरघळतं ते भुलीलाही जास्त जोरकस असतं. म्हणून कितीतरी दशकं सगळे पेशींच्या स्निग्ध आवरणाकडेच बोट दाखवत होते. १९८४ मध्ये फ्रँक्स आणि लीब यांनी काजव्याच्या प्रकाश देणाऱ्या प्रथिनावर प्रयोग केला. त्यात स्निग्ध पदार्थ नव्हताच, तरी भुलीची औषधं त्याच्यावर चालली. तेव्हापासून लक्ष प्रथिनांकडे वळलं. आज आपण असं शिकवतो, की सेव्हो, आयसो, डेस हे मुख्यतः गाबा-ए रिसेप्टरचं (मज्जापेशींना शांत करणाऱ्या प्रथिनाचं) काम वाढवतात, काही पोटॅशियम चॅनेल उघडतात, आणि त्यामुळे मज्जापेशी शांत होतात. नायट्रस वेगळ्या वाटेने जातो; तो एनएमडीए रिसेप्टर (मज्जापेशींना चेतवणारं प्रथिन) अडवतो, म्हणून त्याला वेदनाशामक गुण आहे. सेव्हो-आयसोला तो जवळजवळ नाही. झोपलेल्या पेशंटला दुखत नाही असं समजून फेंटानिलसारखं वेदनाशामक द्यायचं राहिलं, तर चिरा पडल्याबरोबर नाडी आणि बीपी तुम्हाला ते सांगतील.

आता मॅक. चिरा दिल्यावर शंभरातले पन्नास पेशंट हलणार नाहीत, एवढं फुप्फुसातलं प्रमाण म्हणजे एक मॅक. चाळिशीच्या माणसाला हॅलोथेनचं साधारण ०.७५ टक्के, आयसोचं १.२, सेव्होचं २ च्या जवळ, डेसचं ६ ते ६.५. नायट्रसचं १०४, म्हणजे साध्या वातावरणात एकट्या नायट्रसवर पूर्ण भूल देताच येणार नाही. वय वाढेल तसं मॅक उतरतं, दर दहा वर्षांना सुमारे ६ टक्क्यांनी. ऐंशीच्या आजोबांना चाळिशीचा आकडा लावायचा नाही.

या व्याख्येत एक मेख आहे. "हलणार नाहीत" हे प्रामुख्याने मणक्यातल्या मज्जारज्जूचं काम आहे. १९९३ च्या सुमारास उंदीर आणि शेळ्यांवरच्या प्रयोगांतून ते पुढे आलं. शुद्ध हरपायला त्याहून बरंच कमी लागतं, मॅकच्या साधारण एक तृतीयांश. म्हणजे पेशंट हलला याचा अर्थ तो जागा आहे असा नाही. पण स्नायू सैल करणारं इंजेक्शन दिलेलं असेल तर उलटा धोका: तो जागा असूनही हलू शकत नाही. व्हेपोरायझर रिकामा झालाय आणि व्हेक्युरोनियम चालू आहे, याच्याइतकी वाईट अवस्था थिएटरमध्ये दुसरी क्वचितच असेल. म्हणून मॉनिटरवर एंड टायडल (श्वास सोडताना शेवटी बाहेर येणाऱ्या) एजंटचा अलार्म ०.७ मॅकला लावा आणि तो वाजला की आधी व्हेपोरायझरच्या खिडकीतली पातळी बघा.

सकाळी, पहिला पेशंट आत येण्याआधी

मशीन तपासणी हा विषय कंटाळवाणा आहे आणि तो टाळायचा नाही. सगळ्यात आधी अँबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) हाताशी आहे का आणि सक्शन ओढतंय का ते पाहा. मशीन बंद पडलं तर पेशंटला तेच वाचवणार. मग सिलिंडर. ऑक्सिजनचा काळा, खांद्याला पांढरा, नायट्रसचा निळा. छोट्या सिलिंडरच्या मानेवर पिन इंडेक्सची भोकं असतात, ऑक्सिजनला २ आणि ५ क्रमांकाची, नायट्रसला ३ आणि ५. चुकीचा सिलिंडर जोखडात बसत नाही तो त्यामुळे. नाही बसला तर जोर लावायचा नाही, पिन ठोकायची तर नाहीच.

ऑक्सिजनचा गेज खरं बोलतो: प्रेशर निम्मं झालं म्हणजे सिलिंडर निम्मा संपला. नायट्रस सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो, त्यामुळे शेवटचा थेंब उडेपर्यंत गेज ५० बारच्या आसपासच उभा राहतो आणि मग धाडकन खाली येतो. किती उरलाय ते वजन करूनच कळतं.

ऑक्सिजनचा नॉब बाकीच्यांपेक्षा मोठा आणि खाचांचा असतो. डोळे मिटून तो हाताने ओळखता आला पाहिजे. नायट्रस वाढवून ऑक्सिजन कमी करून बघा. नव्या मशीनवर ऑक्सिजन २५ टक्क्यांच्या खाली जाऊ देत नाहीत. जुन्या बॉईल मशीनवर ही सोय असेलच असं नाही, म्हणून तिथे जास्त जागरूक राहा. सर्किट लावून, तोंड बंद करून, बॅग फुगवून लीक टेस्ट करा. मग प्रत्येक व्हेपोरायझर एकेकदा चालू करून तीच टेस्ट पुन्हा. भरण्याच्या जागेचं टोपण सैल राहिलं असेल तर तो लीक डायल बंद असताना दिसतच नाही.

व्हेपोरायझर: आत काय चालतं आणि कसा भरायचा

वीस अंश तापमानाला सेव्होची वाफ १६० मिमी पाऱ्याचा दाब देते. हवेचा दाब ७६०. म्हणजे सेव्होवरून गेलेली हवा पूर्ण भरली तर तिच्यात २१ टक्के वाफ. एवढी द्यायची तर पेशंट मरेल. म्हणून व्हेपोरायझर आलेल्या गॅसचे दोन भाग करतो. मोठा भाग बाजूच्या वाटेने सरळ निघून जातो, लहान भाग द्रवावरून जाऊन वाफेने भरून येतो, आणि पुढे दोन्ही एकत्र होतात. डायल फिरवणं म्हणजे या दोन वाटांमधली वाटणी बदलणं, दुसरं काही नाही. वाफ होताना द्रव थंड पडतो आणि वाफ कमी होते. ते सावरायला आत दोन धातूंची पट्टी असते, ती वाटणी आपोआप बदलते.

डेसफ्लुरेनला हे जमत नाही. त्याचा उत्कलनांकच सुमारे २३ अंश. मे महिन्यात नागपुरात ओटीचा एसी बंद पडला तर बाटलीतलं डेस खोलीतच उकळायला लागेल. म्हणून त्याचा व्हेपोरायझर विजेवर चालतो, द्रव ३९ अंशाला तापवून ठेवतो आणि वाफ मोजून सोडतो. प्लग लावून तो गरम होईपर्यंत थांबावं लागतं.

भरताना क्रम असा: डायल बंद. बाटलीवरचं नाव मोठ्याने वाचा, शेजारच्या सिस्टरलाही ऐकू जाईल इतक्या. त्या एजंटचा ठरलेला अॅडॅप्टर बाटलीला लावा. दुसऱ्या एजंटचा त्या भोकात जाणार नाही. बाटली उलटी करून धरा, बुडबुडे वर जाताना दिसतील, पातळी वरच्या रेघेला टेकली की थांबा. अॅडॅप्टर काढा, टोपण घट्ट करा. जुन्या, साध्या फनेलच्या व्हेपोरायझरवर चूक करायला पूर्ण वाव असतो. सेव्होच्या व्हेपोरायझरमध्ये चुकून आयसो गेलं तर काय होईल, हिशोब करून बघा. आयसोच्या वाफेचा दाब २४० च्या आसपास, त्यामुळे डायल दोनवर असताना बाहेर पडेल साधारण साडेतीन टक्के. सेव्होचे दोन म्हणजे एक मॅक. आयसोचे साडेतीन म्हणजे जवळजवळ तीन मॅक. बीपी पडल्यावर कारण शोधत बसाल आणि डायल निरागसपणे दोन दाखवत असेल.

भरलेला व्हेपोरायझर एका मशीनवरून काढून दुसऱ्यावर नेताना आडवा करायचा नाही. द्रव बाजूच्या वाटेत शिरला तर पुढच्या पेशंटला मनमानी डोस जातो. आडवा झालाच तर बाजूला ठेवा, चिठ्ठी चिकटवा आणि सरांना सांगा.

सर्किट आणि फ्लो

उशिराचं पहिलं मोठं ठिकाण हे. सर्कल सर्किट (सोडलेला श्वास पुन्हा फिरवून देणारं), सोडालाइमचा म्हणजे त्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या खड्यांचा डबा आणि पेशंटची फुप्फुसं मिळून सहा-सात लिटरची जागा धरा. फ्रेश गॅस (मशीनमधून येणारा ताजा गॅस) मिनिटाला सहा लिटर असेल तर डायलवरचा बदल मिनिटा-दोन मिनिटांत आत पोचायला लागतो. फ्लो अर्धा लिटर असेल तर त्याच बदलाला दहा मिनिटांहून जास्त लागतात. नवशिक्या लो फ्लोवर डायल दोनाचा तीन करतो, मॉनिटर ढिम्म हलत नाही, मग चार, मग पाच, आणि पंधरा मिनिटांनी बीपी शोधायची वेळ येते. लो फ्लोवर पटकन बदल हवा असेल तर आधी फ्लो वाढवा.

मग लो फ्लो ठेवायचा तरी कशाला? औषध वाचतं. एक ढोबळ सूत्र पाठ ठेवा: तासाला लागणारं द्रव मिलिलिटरमध्ये = ३ × फ्लो लिटरमध्ये × डायलवरचे टक्के. दोन टक्के, चार लिटर फ्लो: तासाला २४ मिलि. तेच अर्ध्या लिटरवर: ३ मिलि. सेव्होची बाटली २५० मिलिची असते आणि स्वस्त नसते, बाकी गणित तुम्हीच करा. पण एजंट मॉनिटर नसेल, आणि अनेक लहान नर्सिंग होममध्ये तो नसतो, तर लो फ्लोच्या नादाला लागू नका. फ्लो मोठा असतो तेव्हा डायलचा आकडा आणि आत जाणारा आकडा जवळजवळ असतात. मॉनिटर नसताना तेवढाच आधार.

बेन सर्किट अजून सगळीकडे आहे. त्यात ताजा गॅस आतल्या बारीक नळीतून पेशंटपर्यंत जातो. ही आतली नळी मशीनच्या बाजूला निसटली किंवा चिरली तर बाहेरून काही दिसत नाही, आणि पेशंट स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड पुन्हा पुन्हा ओढत राहतो. तपासायची रीत: पेशंटच्या बाजूचं तोंड अंगठ्याने बंद करा, ऑक्सिजन फ्लश दाबून बॅग भरा. आता फ्लश दाबलेला ठेवूनच अंगठा काढा. नळी शाबूत असेल तर वेगाने बाहेर पडणारा गॅस बाहेरच्या नळीतलं ओढून घेतो आणि बॅग चपटी होते. बॅग फुगलेलीच राहिली तर ते सर्किट कचऱ्यात.

लहान मुलाला मास्कवर झोपवणं

चार वर्षांचा मुलगा, हर्नियाची केस, हाताला सलाइन लावू देत नाही. जॅक्सन-रीस (लहान मुलांचं) सर्किट, ऑक्सिजन सहा लिटर, सेव्हो आठवर. आई आत असेल तर मुलाला तिच्या मांडीवरच राहू द्या, "फुगा फुगवायचाय ना?" म्हणत मास्क जवळ आणा. रडणारं मूल मोठे श्वास घेतं आणि पटकन झोपतं. पहिल्या मिनिटभरात डोळे मिटतात, आई म्हणते "झोपला", आणि नेमक्या याच क्षणी नवशिक्या सुई घेऊन पुढे सरकतो. थांबा. ही गेडेलने सांगितलेली दुसरी अवस्था: श्वास वेडावाकडा, हातपाय झाडणं, डोळे एकमेकांपासून फाकलेले. आत्ता टोचलं, किंवा वॉर्डबॉय मामांनी ट्रे आपटला, तरी घशाला आकडी येऊ शकते. आईला हळूच बाहेर पाठवा. बॅगेकडे बघत राहा. बॅग एका लयीत हलायला लागली, पापणी उघडून पाहिल्यावर बाहुल्या मध्यभागी आणि बारीक दिसल्या, की शिरेला हात लावा. तोवर सेव्हो कमी केलेलं असू द्या. आठ टक्के हे झोपवायचं प्रमाण आहे, ठेवायचं नव्हे. बॅग दाबत आठ चालूच राहिलं तर नाडी मंदावते.

आकडी आलीच तर: शंभर टक्के ऑक्सिजन, मास्क घट्ट, जबडा पुढे, बॅगेवर सौम्य दाब धरून ठेवायचा आणि मदतीला हाक. नाही सुटली तर सक्सामेथोनियम, स्नायू झटकन सैल करणारं इंजेक्शन. ते आधीच भरून ठेवलेलं असलं पाहिजे.

सेव्होवर मूल इतक्या पटकन का झोपतं? कारण मेंदूला कळतो तो वायूचा दाब, विरघळलेला साठा नाही. कोरा माठ पहिले काही दिवस पाणी स्वतःच पितो, तसं ईथर आणि हॅलोथेनच्या बाबतीत रक्त वायू स्वतःच पिऊन टाकतं, दाब चढायला वेळ लागतो. रक्तात विरघळण्याचा गुणांक ईथरचा १२, हॅलोथेनचा २.४, आयसोचा १.४, सेव्होचा ०.६५, नायट्रसचा ०.४७, डेसचा ०.४२. आकडा जितका लहान तितकं झोपणंही लवकर आणि उठणंही. याच कारणाने शॉकमधला पेशंट धोकादायक: त्याच्या फुप्फुसांतून रक्त कमी वाहतं, वायू कमी उचलला जातो, दाब झपाट्याने चढतो. अशा माणसाला नेहमीचा डायल लावाल तर भूल नेहमीपेक्षा लवकर आणि खोल जाईल, आणि बीपी मुळात नव्हतंच.

केस चालू असताना

ट्यूब टाकल्यावर काही मिनिटं फ्लो मोठा ठेवा. मॉनिटरवरचे आत जाणारे आणि बाहेर येणारे टक्के जवळ आले, की फ्लो उतरवा. तुमचा खरा आकडा बाहेर येणारा, एंड टायडल.

नायट्रस बंद पोकळीत शिरून ती फुगवतो. न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत साठलेली हवा), आतड्यांचा अडथळा, कानाची शस्त्रक्रिया, डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडलेला पेशंट: इथे नको. ब-१२ च्या कमतरतेतही नको. माझ्या मते आता नायट्रसची गरजच फारशी उरलेली नाही, पण यावर तुमच्या विभागात वाद होतील.

नजर मशीनवर, हात नाडीवर. हे जुनं सांगणं उगाच नाही. १८८८ आणि १८८९ साली हैदराबादेत निजामाच्या पैशाने क्लोरोफॉर्म कमिशन बसलं. तिथले डॉक्टर एडवर्ड लॉरी यांचं म्हणणं होतं, की क्लोरोफॉर्ममध्ये आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. तेव्हा फक्त श्वास सांभाळा. ढीगभर प्राण्यांवर प्रयोग करून कमिशनने तेच सिद्ध झाल्याचं जाहीर केलं. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवून दिलं, की हलक्या क्लोरोफॉर्मखाली हृदय आपणहून फडफडून थांबू शकतं. हॅलोथेननेही हृदय अॅड्रिनलिनला हळवं होतं. सेव्हो-आयसो त्या मानाने सौम्य, पण बीपी सगळेच पाडतात.

एक आजार विरळा आहे, पण त्याची तयारी रोज ठेवायची: मॅलिग्नंट हायपरथर्मिया, म्हणजे भुलीच्या औषधाने स्नायू बेफाम पेटून शरीर तापणं. नायट्रस सोडून वरच्या सगळ्या एजंटनी, आणि सक्सामेथोनियमने, तो सुरू होऊ शकतो. पहिली खूण ताप नाही. व्हेंटिलेशन तेवढंच असताना कार्बन डायऑक्साइड चढत जातो, नाडी पळते, जबडा किंवा अंग ताठ होतं. सोडालाइमचा डबा हाताला चटका देतो. एजंट बंद, शंभर टक्के ऑक्सिजन मोठ्या फ्लोने, सर्जनला थांबायला सांगा, यावरचं औषध डँट्रोलिन, किलोला २.५ मिलिग्रॅम. नेहमीच्या कुपीत २० मिलिग्रॅम पावडर असते, ती ६० मिलि पाण्यात विरघळवावी लागते. साठ किलोच्या माणसाला पहिल्याच डोसला आठ कुप्या, म्हणजे हे एकट्याचं काम नाही. तुमच्या रुग्णालयात डँट्रोलिन कुठे ठेवलंय, नसेल तर कुठून येणार, हे आजच विचारा. घरात कुणाला भूल दिल्यावर असं झालं होतं का, हा प्रश्न आदल्या दिवशीच्या तपासणीत प्रत्येकाला.

उठवताना

उतरताना तीच साखळी उलटी. डायल शून्यावर आणला आणि फ्लो अर्धा लिटरच ठेवला, तर पेशंट सर्किटमध्ये साठलेलं सेव्होच पुन्हा ओढत राहतो. टाके सुरू झाले की डायल बंद आणि फ्लो सहा-आठ लिटर. चार तासांच्या केसनंतर चरबीत साठलेलं आयसो हळूहळू बाहेर येतं, त्याला वेळ द्या. नायट्रस दिलेला असेल तर बंद केल्यावर तो इतक्या वेगाने फुप्फुसात परत येतो की ऑक्सिजनला जागा उरत नाही. पाच-दहा मिनिटं शंभर टक्के ऑक्सिजन हवाच. सेव्होवर झोपलेली लहान मुलं उठताना कधी कधी ओळख नसल्यासारखी किंचाळतात, आईलाही ढकलतात. थोड्या वेळात ओसरतं, पण आईला आधी सांगून ठेवलेलं बरं. ट्यूब काढायची ती पूर्ण खोल असताना किंवा पूर्ण जागेपणी, मधल्या अवस्थेत नाही.

उरलेला गॅस

बाहेर पडणारा गॅस स्कॅव्हेंजिंगच्या नळीने थिएटरबाहेर गेला पाहिजे, नाहीतर दिवसभर तो तुम्ही आणि सिस्टर ओढता. बाहेर गेल्यावरही तो संपत नाही. शंभर वर्षांच्या हिशोबात डेसफ्लुरेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अडीच हजार पट उष्णता धरून ठेवतं. स्कॉटलंडने २०२३ मध्ये त्याचा वापर थांबवला, युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून ते वैद्यकीय गरज असेल तरच वापरायला मुभा ठेवली.

सोडालाइमचा रंग बदलला की बदला. मात्र रात्रभर पडून राहिल्यावर रंग पुन्हा मूळ दिसू शकतो, म्हणून डब्यावर तारीख लिहा. शनिवारची लिस्ट संपली की सगळे फ्लोमीटर बंद करून पाइपलाइनच्या नळ्या काढायच्या. रविवारभर ऑक्सिजन वाहत राहिला तर सोडालाइम कोरडा पडतो, आणि कोरड्या सोडालाइमवरून डेस किंवा आयसो गेलं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो पल्स ऑक्सिमीटरला ओळखता येत नाही, आकडा छान ९९ दिसत राहतो. सोमवारी सकाळी फ्लोमीटर चालू सापडला तर डबा रिकामा करून नवा सोडालाइम भरा, मगच पहिला पेशंट आत घ्या.